उघडा नळ

पटकी. म्हणजे कॉलरा. जुन्या माणसांना पटकी हा शब्द मोठ्यानं म्हणायचीही भीती वाटे. सकाळी नांगर धरलेला माणूस दुपारी पडवीत आडवा. संध्याकाळी डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला, बोटं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. रात्र निघाली तर निघाली.

नाव घ्यायचं नाही म्हणून मरीआई म्हणायचं. तिला गाड्यात बसवायचं, वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचं आणि पलीकडे सोडून यायचं. पलीकडचं गाव तो गाडा पुढच्या शिवेवर नेई. साथ कशी पसरते याचा इतका प्रामाणिक नकाशा पुढं कुठल्या साहेबानंही काढला नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक समज: रोग म्हणजे कुणीतरी येणं. विज्ञान आलं तरी समज तीच राहिली. पाहुण्याचं नाव तेवढं बदललं.

१८५४ साली फ्लोरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनीनं पटकीनं मेलेल्यांच्या आतड्यात तो जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. कुणी लक्ष दिलं नाही. तीस वर्षांनी, १८८४ साली, रॉबर्ट कॉखनं कलकत्त्यात तो पुन्हा पकडला. स्वल्पविरामासारखा वाकडा, शेपटी हलवत धावणारा. या वेळी जगानं मान डोलावली. चोर सापडला.

चोर सापडला की पंचनामा करायचा राहून जातो.

१८९२. म्युनिकचे प्राध्यापक माक्स फॉन पेटेनकोफर यांना कॉखचं म्हणणं पटत नव्हतं. त्यांनी पटकीच्या जंतूंचं ताजं कल्चर मागवलं आणि पिऊन टाकलं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. पोटातल्या आम्लानं जंतू मेले अशी पळवाट कुणाला राहू नये म्हणून वर खायचा सोडाही घेतला. थोडं पोट बिघडलं, एवढंच. जंतू होता, पटकी नव्हती. नुसत्या जंतूनं पटकी होत नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

आपण आता हसतो. हसू नये. म्हाताऱ्याचं उत्तर चुकलं होतं, शंका चुकली नव्हती. हे जंतू पोटात गेलेल्यांपैकी बहुतेकांना काही होत नाही, किंवा साधे जुलाब होऊन थांबतात. ‘ओ’ रक्तगटाच्या माणसाला तोच जंतू जास्त छळतो. एकाच विहिरीचं पाणी प्यालेल्या दोन भावांपैकी एक कामाला जातो, दुसऱ्याला चौघे उचलतात. रोगाचं नाव आपण जंतूवरून ठेवतो. रोग मात्र दोघांत मिळून होतो.

‘कोण?’ हा पोलिसाचा प्रश्न. ‘कसं?’ हा कारागिराचा.

कारागिराच्या प्रश्नाला उत्तर मिळायला पाऊणशे वर्षं लागली. जंतू विष सोडत असावा, असा तर्क खुद्द कॉखनं केलेला होता. पण नंतरच्यांनी ते विष जंतूच्या मेलेल्या अंगात शोधलं. जंतू जनावराच्या शिरेत टोचले, पोटाच्या पोकळीत टोचले. जनावरं मेली, पण पटकीनं नव्हे. सुई जिथं सहज शिरते तिथंच संशोधनही शिरतं. रोग आतड्यात होता आणि शोध रक्तात चालला होता.

शंभूनाथ डे आतड्याकडे गेले.

हुगळी जिल्ह्यातल्या एका खेड्यात १९१५ साली जन्मलेला हा माणूस. शिक्षण कलकत्ता मेडिकल कॉलेजात, मग लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात रॉय कॅमेरून यांच्या हाताखाली पीएच.डी., १९४९ साली. परत कलकत्त्याला. विकृतिशास्त्र शिकवायचं, शवविच्छेदनं करायची, आणि वॉर्डात पटकीचे रोगी ओळीनं पडलेले. पटकीच्या वॉर्डातली खाट ज्यानं पाहिली असेल तो ती विसरत नाही. कॅनव्हासला मधोमध भोक, खाली बादली, बादलीत मापाची खूण. रोग किती गेला हे बादली सांगते. तासाला लिटरसुद्धा. रंग तांदळाच्या धुवणाचा. विष्ठेचा वास नाही, रक्ताचा ठिपका नाही. पाणी आणि मीठ.

हे सगळे रोज बघत होते. बघण्याची सवय झाली की प्रश्न पडायचे थांबतात. डॉक्टरचं असं होतं, आईबापाचंही होतं.

डे यांचा प्रयोग सांगायला दोन मिनिटं पुरतात. सशाला भूल द्यायची. पोट उघडायचं. लहान आतड्याचा काही इंचांचा तुकडा दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्यानं बांधायचा. कापायचा नाही. रक्त चालू राहिलं पाहिजे. बांधलेल्या तुकड्यात सुईनं पटकीच्या जंतूंचं थोडं कल्चर सोडायचं. शेजारच्या तुकड्यात नुसतं द्रावण. पोट शिवायचं. दुसऱ्या दिवशी उघडायचं.

शेजारचा तुकडा चपटा, जसा होता तसा. जंतूंचा तुकडा फुगून टरटरीत, भिंती ताणून पातळ झालेल्या. टोचा मारला की धुवणासारखं पाणी. सोडलं होतं थोडंसं, निघालं कितीतरी पट.

दोन्ही टोकं बांधलेली. वरून काही आलं नाही, खालून काही आलं नाही. मग पाणी आलं कुठून?

सशातून.

हे १९५३ साली, डी. एन. चटर्जी यांच्यासोबत. अशा धर्तीचा प्रयोग दोघा परदेशी संशोधकांनी १९१५ सालीच केलेला होता आणि तो विस्मरणात गेला होता. डे यांनाही तो ठाऊक नव्हता. ज्ञान हरवतं ते असं: कपाटात असतं, किल्लीवाला नसतो.

पुढची पायरी १९५९ची. कल्चर गाळून घेतलं. जंतू वर राहिले, खाली नितळ द्रव. त्यात जंतू एकही नाही. तो द्रव आतड्याच्या तुकड्यात सोडला. तुकडा फुगला.

चोर घरात नाही आणि चोरी होते आहे.

त्याच वर्षी आपल्या मुंबईत, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये, एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनीही हेच दुसऱ्या वाटेनं दाखवलं. मोठ्या सशाला तोंडावाटे जंतू देऊन पटकी होत नाही, म्हणून तिथं सशाची थोड्या दिवसांची पिल्लं वापरत. जंतूंपासून काढलेला, जिवंत जंतू नसलेला अर्क पिल्लांना दिला. पटकी झाली. परळचा रस्ता रोज तुडवणाऱ्यांतल्या किती जणांना हे माहीत असेल? मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. पाठ्यपुस्तकात कॉखचा फोटो होता.

डे यांच्या हाताशी नवं यंत्र नव्हतं. ससा, दोरा, गाळणी. शिवाय विचारण्याची पद्धत. जोशुआ लेडरबर्गसारख्या नोबेल मिळालेल्या माणसानं त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं, एकदा नव्हे. १९७८ साली पटकीवरच्या नोबेल परिसंवादाला त्यांना बोलावणं आलं. घरच्या विज्ञान अकादम्यांनी त्यांना जिवंतपणी सदस्य करून घेतलं नाही. १९८५ साली ते गेले. आपल्याकडे मोठा माणूस ओळखायला बाहेरगावचं पत्र यावं लागतं, आणि ते आलं तरी आपण पाकीट फोडायला वेळ लावतो.

आता ते विष.

पुढं ते शुद्ध झालं, उलगडलं. पाच सारख्या कड्यांचं एक वेटोळं, मधोमध सहावा तुकडा. पाच कड्या आतड्याच्या पेशीवरच्या एका विशिष्ट स्निग्ध रेणूला घट्ट धरतात. सहावा तुकडा आत शिरतो. आत पेशीची एक कळ असते. ती दाबली की पेशी क्षार बाहेर सोडते, क्षारामागं पाणी जातं, मग कळ आपोआप उठते. विषाचा तुकडा त्या कळीला एक बारीक रासायनिक खिळा ठोकतो. कळ दाबलेली राहते.

घरातला नळ आठवा. वायसर गेलेला. फिरवा कितीही, गळतोच. नळ तोच, पाणी टाकीतलंच, तोटीला तडा नाही. पटकीनं मेलेल्याचं आतडं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं तर भिंत जवळजवळ शाबूत दिसते. कुठं जखम नाही. कॉखनंतरच्या लोकांना मोडतोड शोधायची होती आणि मोडतोड नव्हतीच.

एरवीही आपल्या आतड्यात दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी उतरतं. लाळेचं, जठरातलं, पित्ताचं, प्यालेलं. शेवटी पेलाभर सोडून सगळं परत शोषलं जातं. एवढी देवघेव रोज होते आणि आपल्याला पत्ता नसतो. निरोगी असणं म्हणजे हिशेब न दिसणं. जंतू नवं काही करत नाही. चालू असलेल्या व्यवहारातली एक बाजू अडवून धरतो. आपण मरतो ते आपल्याच पाण्यानं.

यापुढचं मला जास्त अस्वस्थ करतं.

ते विष जंतूचं स्वतःचं नाही. १९९६ साली मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकालानोस यांनी दाखवलं की विषाची जनुकं एका विषाणूनं आणलेली आहेत. जंतूलाही विषाणू लागतात, त्यांना फाज म्हणतात. असा एक फाज या जंतूत शिरला, त्याच्या गुणसूत्रात मुक्काम ठोकला, येताना विषाची कृती घेऊन आला. म्हणजे जो आपल्याला रोगी करतो तो आधी स्वतः बाधित झालेला असतो.

आणि फाज शिरतो कुठून? जंतूच्या अंगावर बारीक केसांसारखे धागे असतात. आतड्यात मुक्काम करायला ते त्याला लागतात, त्यांनी जंतू एकमेकांना बिलगून राहतात. फाजही त्या धाग्यालाच धरतो. आपल्या आतड्यात टिकायची सोय तीच विषाणूला आत येण्याची सोय. घराला दार केलं की ते सगळ्यांनाच दार असतं.

फाज नसलेले याच जातीचे असंख्य जंतू खाडीच्या पाण्यात आहेत. निरुपद्रवी, अनामिक. त्यांतला कोणता उद्या हत्यार उचलेल, सांगता येत नाही.

अशा वेळी ‘हा जंतू रोग करतो’ या वाक्याचा अर्थच ढिला होतो. जंतू करतो, की त्याच्यातलं एक जनुक करतं? स्टॅनफर्ड विद्यापीठाचे स्टॅन्ली फॅल्को यांनी १९८८ साली कॉखची जुनी कसोटी जनुकाच्या पातळीवर आणली. ज्या जनुकावर संशय आहे ते काढून टाका. रोग करायची ताकद कमी होते का बघा. मग तेच जनुक परत घाला. ताकद परत येते का बघा. आली तर आरोप सिद्ध. माणसाला फाशी देण्याआधी त्याच्या हातातल्या सुरीची तपासणी करण्यासारखं हे. साधं वाटतं. साध्या गोष्टी सुचायला शंभर वर्षं लागतात.

तरीही पुरता निकाल लागत नाहीच. विषाचं जनुक काढून टाकलेला पटकीचा जंतू स्वयंसेवकांना दिला तेव्हा काहींना थोडे जुलाब झालेच. सुरी काढून घेतली तरी मूठ राहते.

जंतूला आपल्याशी वैर नाही. त्याचं घर समुद्राकाठचं, निमखाऱ्या पाण्यातलं, बंगालच्या खाड्यांचं. मेरिलँड विद्यापीठाच्या रिटा कोलवेल यांनी हे कित्येक वर्षं सांगितलं आणि कित्येक वर्षं कुणी ऐकलं नाही. पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसतील एवढे कवचवाले जीव असतात, कोळंबीचे दूरचे भाऊबंद. त्यांच्या अंगावर हा जंतू बसतो. त्या कवचाच्या सान्निध्यात त्याला आसपासच्या मेलेल्या जंतूंचा डीएनए उचलून आपलासा करता येतो, हे २००५ साली स्टॅनफर्डच्याच प्रयोगशाळेतून आलं. खेकड्याच्या कवचावर बसून तो नवी विद्या शिकतो. माणसाचं पोट ही त्याच्या प्रवासातली धर्मशाळा.

पाण्यातला जीव मोठा, जंतू त्याच्या अंगावर. मग जीव गाळला तर? कोलवेल यांच्या चमूनं बांगलादेशातल्या मतलब भागात बायांना जुनी सुती साडी चार वेळा दुमडून तिच्यातून पाणी भरायला सांगितलं. जुनीच साडी, कारण धुऊन धुऊन सुताचे धागे फुगतात आणि भोकं बारीक होतात. २००३ साली आकडे प्रसिद्ध झाले. त्या गावांत पटकी ४८ टक्क्यांनी कमी झाली.

माझी आजी नळाला जुन्या नऊवारीचं फडकं बांधायची. रोज सकाळी सोडून, पिळून, उन्हात टाकून पुन्हा बांधायची. आम्ही हसायचो, नळाला पदर म्हणायचो. तिला जंतूचा आकार माहीत नव्हता. फडकं जुनं हवं हे माहीत होतं. आजीला सगळं कळत होतं असं मी म्हणणार नाही. ती मरीआईला नारळही फोडायची, आणि नारळाचा गुण फडक्याला लागला की फडक्याचा नारळाला, हे तिनं कधी तपासलं नाही. तपासणं हेच तर डे यांचं काम होतं. एक तुकडा जंतूचा, एक तुकडा नुसता. आजीकडे दुसरा तुकडा नव्हता.

आतड्यातले जंतू एकमेकांशी बोलतात हेही आता ठाऊक झालं आहे. रेणू सोडतात, रेणूंच्या दाटीवरून गर्दीचा अंदाज घेतात. बरेच जंतू गर्दी झाली की हल्ला चढवतात. पटकीचा जंतू उलट वागतो. प्रिन्स्टनच्या बॉनी बॅसलर यांच्या प्रयोगशाळेनं २००२ साली दाखवलं की गर्दी वाढली की तो विष बनवणं बंद करतो, चिकटून राहणं सोडतो. तेवढ्यात पाण्याचा लोंढा आलेलाच असतो. लोंढ्याबरोबर बाहेर, पुढच्या पाण्यात. जुलाब आपला रोग, त्याची एस.टी. बस. सगळे बसले की सुटते.

त्यात द्वेष कुठं आहे? मला सापडत नाही. मेलेल्याच्या घरी हे सांगायला मी जाणार नाही. पण द्वेष शोधत बसलं की इलाज दिसत नाही, हे खरं.

इलाज दिसला तो असा.

१९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं की आतड्याच्या पेशीत साखर एकटी शिरत नाही, मिठातलं सोडियम सोबत घेऊन शिरते. दोघांचं एकच दार. दोघं आत आली की मागोमाग पाणी येतं. पटकीचं विष या दाराला हात लावत नाही. एक नळ उघडा अडकलेला, पण दुसरं दार शाबूत. नळ बंद करायच्या नादात शेकडो वर्षं गेली. दार उघडायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

१९७१. बांगलादेश युद्धाचे निर्वासित, बनगावच्या छावणीत पटकी. शिरेतून द्यायचं सलाइन संपलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पिशव्या भरून घेतल्या, पिंपात पाणी घालून कालवलं आणि पेल्या-पेल्यानं पाजायला सांगितलं. पाजणारे बहुतेक रोग्यांचे नातेवाईकच. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. अशी पटकी विनाउपचार दहांतल्या तिघांना नेई. छावणीत हे पाणी मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्के राहिलं. जुलाब थांबले नव्हते. नळ गळतच होता. टाकी भरती ठेवली, एवढंच. विष तीन ते पाच दिवसांत आपोआप निघून जातं, कारण आतड्याच्या पेशीच तेवढ्या दिवसांच्या असतात. खिळा ठोकलेली पेशी झडते, नवी येते. शरीर वायसर स्वतः बदलतं. त्याला मुदत मिळाली पाहिजे.

महालनबीस २०२२ साली गेले. पद्मविभूषण पुढच्या वर्षी जाहीर झालं.

पावसाळा तोंडावर आला की औषधाच्या दुकानातून क्षारसंजीवनीच्या दोन पुड्या आणून मिठाच्या डब्याशेजारी ठेवा, आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती कालवा. पुडी नसेल तर: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. दवाखान्यात पोचेपर्यंत घोट-घोट पाजत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. चमचा चहाचा, सपाट. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात, मीठ जास्त झालं तर लेकराच्या जिवावर बेततं. शीग लावू नका.